तुमच्या मनातली थंडी कशी असते? किती अंश, वारा की बिनवारा?

ढाळज (रविवार, सकाळी ८:१०)

राम राम मंडळी.

काल तिन्हीसांजेला वारा पडला तेव्हाच वाटलं होतं, पहाटे गारठा उतरणार. उतरलाच. यंदा पहिल्यांदा वाकळीवर घोंगडी घ्यावी लागली. सकाळी तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली तर दात ठणकले. बाजेवर टाकलेलं पोतं दहिवरानं ओलं झालेलं. मन भरून आलं एकदम. आपल्या मराठवाड्याच्या वाट्याला ऊन भरपूर, पाऊस लहरी आणि खरी थंडी म्हणाल तर दोन-अडीच महिने. त्यातही मधेच बंगालच्या उपसागरात काहीतरी उठतं, इकडं आभाळ येतं आणि आठ-आठ दिवस गारवा गायब होतो. म्हणून थंडीचा एकेक दिवस मी जपून वापरतो.

माझ्या मनातली थंडी सांगतो. रात्री १० ते १२ अंश, दिवसा २७-२८. आभाळ धुतल्यासारखं निळं. वारा मुळीच नको. वारा सुटला की थंडी कपड्यात शिरते, वारा नसला की ती अंगावर नुसती बसून राहते, आणि मला ती बसलेली आवडते. सुरुवात दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आणि शेवट संक्रांतीचं वाण लुटून झाल्यावर.

सकाळी आठच्या सुमाराला ऊन आमच्या ढाळजेच्या, म्हणजे दारालगतच्या ओसरीच्या, खालच्या पायरीवर येतं. तिथून वर यायला त्याला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ वडील वरच्या पायरीवर, मी खालच्या, दोघांची पाठ उन्हाला. बोलणं काही नाही. चहा दोनदा. याहून मोठं सुख मला ठाऊक नाही.

तुमची थंडी कशी? धुई आवडते का? कोणता महिना? आकड्यासकट सांगा.

चिवचिव (रविवार, सकाळी ८:३१)

१४ अंश. त्याच्या खाली उतरलं की आमच्या घरात अंघोळीचा पहिला नंबर कोणालाच नको असतो, सगळे एकमेकांना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत बसतात. इतका मान एरवी कोणी कोणाला देत नाही.

खामनदी (रविवार, सकाळी ९:०५)

ढाळजदादा, वाचूनच पाठ शेकल्यासारखी वाटली.

मी संभाजीनगरची. शहरात १० अंश नकोत, १३-१४ पुरे. पण मला धुई हवी. डिसेंबरात एखाद्या सकाळी देवगिरीच्या किल्ल्याचा पायथा दिसत नाही, नुसता डोंगराचा माथा वर तरंगतो, तो दिवस मला सणासारखा वाटतो. म्हैसमाळच्या पठारावर सकाळी सातला उभं राहिलं की खालचं सगळं रान दुधात बुडालेलं. आणि संध्याकाळी जुन्या शहरात नान-खलिया. मोठा मऊ नान, वर तर्रीचा लाल थर. तो मे महिन्यात खाऊन बघा आणि डिसेंबरात खाऊन बघा, पदार्थ तोच राहत नाही.

आणखी एक. थंडी आली हे मला कॅलेंडरवरून कळत नाही, रस्त्याकडेला तिबेटी स्वेटरवाल्यांचे तंबू लागले की कळतं. लहानपणी आईबरोबर घेतलेला चॉकलेटी स्वेटर अजून आहे. आता तो माझी लेक घालते.

वसमतरोड (रविवार, सकाळी ९:४०)

१४ अंश? १२ अंश? मंडळी, त्याला आम्ही परभणीत गारवा म्हणतो. थंडी म्हणायची तर पारा एक आकडी पाहिजे.

२०१८ चा डिसेंबर संपता संपता कृषी विद्यापीठात पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला होता. त्या दिवशी पहाटे साडेपाचला मी विद्यापीठाच्या रानाकडून सायकलवर चाललो होतो. बांधावरच्या हराळीवर कोणी बारीक मीठ पेरल्यासारखं पांढरं दिसत होतं. उतरून बोट लावलं, तर दहिवर गोठलेलं. पोटरीपर्यंतच्या गवताला ते होतं, वरच्या पानांना नव्हतं. तळहातावर घेतलं तर क्षणात पाणी. पाच-सहा माणसं जमली. कोणी बोलेना. एक म्हातारे गृहस्थ इतकंच म्हणाले, "आमच्या जन्मात बघितलं नव्हतं हे."

माझी आवडती थंडी ती. ६ ते ८ अंश रोज चालेल. दिवसभर अंगात तरतरी राहते, भूक खणखणीत लागते, बाजरीच्या तीन भाकरी कुठं जातात कळत नाही.

चिवचिव (रविवार, सकाळी ९:५२)

बाप्पा! पण परभणीच का? परभणी काही डोंगरावर नाही. दरवर्षी पेपरात "परभणी गारठली" असतंच. कोणी सांगेल का?

ध्रुवतारा (रविवार, सकाळी ११:२०)

सांगतो. तीस वर्षं भूगोल शिकवला, हा प्रश्न दर हिवाळ्यात वर्गात यायचा आणि मला फार आवडायचा.

उत्तरेत हिमालयावरून पश्चिमी झंझावात पुढं सरकला की त्याच्या मागून कोरडे, थंड वारे खाली दक्षिणेकडं येतात. ते विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पोचतात. समुद्र आपल्यापासून लांब, त्यामुळं हवेत बाष्प कमी. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडून देते. आभाळात ढग असले तर ते ती उष्णता पांघरुणासारखी अडवतात. आभाळ मोकळं असलं तर सगळी निघून जाते. म्हणून ढगाळ रात्र उबदार आणि चांदण्यांची रात्र गार. वाराही नसला तर वरची उबदार हवा खाली मिसळत नाही, मग जमिनीलगत गारठा साचत जातो. ढाळज यांना बिनवाऱ्याची रात्र हवी आहे. पारा सगळ्यात खाली जातो तो अशाच रात्री.

आता परभणी. तिथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची वेधशाळा मोकळ्या रानात आहे. शहरात सिमेंट, डांबर, घरं दिवसाची उष्णता धरून ठेवतात, रान धरत नाही. त्यामुळं शहरापेक्षा तिथं पारा खाली दिसतो. आणखी एक गोष्ट, तापमापी जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर पेटीत असते. जमिनीला चिकटून त्याहून कमी असतं. वसमतरोड यांनी पाहिलेलं गोठलेलं दहिवर म्हणूनच गवताच्या बुडाला होतं, वर नव्हतं.

हवामान खातं मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतं, तेही सांगून टाकतो. किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असावं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असावं. किंवा सरळ ४ अंशांवर किंवा त्याखाली आलेलं असावं. नुसतं १० अंश म्हणजे लाट नव्हे. आणि माझी आवड म्हणाल तर डिसेंबरातली अमावास्येच्या आसपासची कोरडी रात्र, ९ अंश. गच्चीवरून मृग नक्षत्र आणि व्याध इतके स्वच्छ दिसतात की वर बघता बघता मान दुखून येते.

वसमतरोड (रविवार, सकाळी ११:३४)

गुरुजी, नमस्कार. सहा वर्षं मनात असलेला प्रश्न सुटला. बुडालाच का, हेच मला कळत नव्हतं.

पाटपाणी (रविवार, दुपारी १:४५)

सगळ्यांचं वाचलं. गोड वाटलं. पण मला माझी बाजू मांडू द्या, राग मानू नका.

मी हिंगोली जिल्ह्यातला. चार एकर गहू, तीन एकर हरभरा. गव्हाला थंडी पाहिजेच. थंडी पडली की फुटवे चांगले येतात, ओंबी भरते. दिवसाला ऊन चढलं आणि थंडी लवकर गेली की दाणा बारीक राहतो. हरभऱ्यालाही आभाळ नको, कोरडी थंडी पाहिजे. म्हणजे पीक म्हणून बघाल तर वसमतरोडभाऊंची ८ अंशांची थंडी मी देवाकडं मागतो.

पण पाणी रात्री द्यावं लागतं हो. आमच्याकडं लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी गव्हाला मुकुटमुळं फुटायच्या वेळचं पाणी असतं, ते चुकवलं की पीक हातचं गेलं. मागल्या आठवड्यात ते पाणी बरोबर रात्रीच्या पाळीत आलं.

रात्री दीडला मोटार चालू केली. बॅटरी कपाळाला, फावडं खांद्यावर, पायात काही नाही, कारण चपला गाळात राहतात. विहिरीचं पाणी बाहेर येतं तेव्हा कोमट असतं, त्यातून वाफ निघते. पहिली पाच मिनिटं पायांना बरं वाटतं. मग ते पाटानं लांब जाईस्तोवर गार होतं. एक वाफा भरला की दारं, म्हणजे वाफ्यात पाणी घ्यायचं तोंड, मोडायचं, पुढल्या वाफ्याचं उघडायचं. तीनच्या सुमाराला पायाची बोटं आपली राहत नाहीत. फावडं पायाच्या अंगठ्याला लागलं, रक्त आलं, ते मला सकाळी घरी पाय धुताना कळलं. बांधावर बसावं तर बूड ओलं होतं. शेकोटी पेटवून बसावं तर तिकडं पाणी वाफा फोडून शेजाऱ्याच्या रानात जातं. चारला कोल्हे ओरडतात. सहाच्या सुमाराला पूर्वेकडं तांबडं फुटतं तेव्हा खरा गारठा सुरू होतो, तो सूर्य वर येईस्तोवर हाडात राहतो.

त्यामुळं तुम्ही आकडा विचारला, पण मला आधी विचारावं लागतं की त्या रात्री मी कुठं आहे. घरात असेन तर ८. दारं धरायला असेन तर १८ सुद्धा जास्त होत नाहीत.

ढाळज (रविवार, दुपारी २:१०)

पाटपाणीभाऊ, राग कसला? तुमच्या अंगठ्याची जखम कशी आहे ते आधी सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का? माझं रान मी ठोक्यानं दिलंय. जो कसतो तोही रात्री जातो, आणि मी कधी त्याला विचारलं नाही. आज विचारीन.

पाटपाणी (रविवार, दुपारी २:२५)

घेतलं घेतलं. बायकोनंच धरून नेलं दवाखान्यात. बरं आहे आता.

कोयता_नव्हे_पेन (रविवार, सायंकाळी ६:५५)

पाटपाणीदादांमुळं लिहायची हिंमत आली.

मी बीड जिल्ह्यातली. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की ट्रॅक्टर यायचा, आणि परत यायला शिमगा उजाडायचा. म्हणजे माझ्या लहानपणीचा एकही हिवाळा आमच्या गावातल्या घरात गेलेला नाही. सगळे कोपीत. कोपी म्हणजे पाचट आणि चटयांची, वाकून शिरायची. आत एका बाजूला चूल, एका बाजूला आम्ही तिघं भावंडं. पहाटे तीनला आई उठायची, भाकरी थापायची, आणि चारला दोघं फडात. उसाच्या पाचटावर दहिवर असतं. ते पान ओलं असताना धारदार लागतं. आईच्या हातांवर बारीक रेघा असायच्या, मी त्या बोटानं मोजायची.

आता मी नोकरीला आहे, आईवडील गावातच असतात. पहिल्या हिवाळ्यात आई पहाटे तीनलाच उठून बसायची. काम काही नाही, तरी. मी तिला म्हटलं, झोप की. ती म्हणाली, "डोळाच उघडतो गं." दोन वर्षं लागली तिला सकाळी सहापर्यंत झोपायला.

तर माझा आकडा १५. आणि पांघरूण जाड. आई झोपलेली.

खामनदी (रविवार, सायंकाळी ७:१२)

ताई. 🙏 दोनदा वाचलं.

सुईदोरा (रविवार, रात्री ८:४०)

पांघरुणाचं निघालं म्हणून माझं थोडं. ढाळजदादांनी "वाकळ" लिहिलं तेव्हाच जीव सुखावला, नाहीतर हल्ली सगळे गोधडी म्हणतात.

मी वाकळा शिवते. सासूबाईंनी शिकवलं. जुन्या सुती लुगड्याची वाकळ सगळ्यात ऊबदार. सिंथेटिक साडीची शिवू नका, ती अंगावर घसरते आणि घाम धरते. आत धोतराचे किंवा चादरीचे तुकडे, निदान चार पदर. टाके कडेपासून आत चौकोनी फिरवत न्यायचे, म्हणजे पदर सरकत नाहीत. एका वाकळीला मला बारा-पंधरा दिवस लागतात, दुपारी दोन-दोन तास बसून. ऊब कापडाची नसते, पदरापदरांत अडकलेल्या हवेची असते. ध्रुवतारा गुरुजी, हे बरोबर आहे ना?

आणि दर चार दिवसांनी उन्हात टाका. कडक उन्हात तापलेली वाकळ संध्याकाळी घडी घालून ठेवली की रात्री उघडताना उन्हाचा वास येतो.

माझी आवडती थंडी जानेवारीची. ११ अंश. एक वाकळ पुरावी, दुसरी पायाशी असावी.

ध्रुवतारा (रविवार, रात्री ८:५८)

अगदी बरोबर, सुईदोराताई. अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपली माळवदाची घरंही त्याच न्यायानं चालायची. हातभर-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि पांढऱ्या मातीचा थर. दिवसाचं ऊन भिंत हळूहळू पिते आणि रात्री आत सोडते. पत्रा याच्या उलट, सूर्य मावळला की तासाभरात गार.

तेरणाकाठ (रविवार, रात्री ९:३०)

गुरुजी, पत्र्याचा विषय निघाला म्हणून.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमचं माळवदाचं घर गेलं. ज्या भिंतींनी आम्हाला ऊब दिली त्याच अंगावर आल्या. मी नऊ वर्षांचा होतो. तो हिवाळा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढला. रात्री पत्र्याच्या आतल्या बाजूनं श्वासाचं पाणी धरायचं आणि पहाटे थेंब-थेंब तोंडावर पडायचं. आजी म्हणायची, पत्रा रडतोय. देशभरातून ब्लँकेटं आली होती. माझ्या वाट्याला एक करड्या रंगाचं आलं, त्याला अनोळखी घराचा वास होता. ते कोणी पाठवलं, मला आजवर माहीत नाही. जपून ठेवलंय.

मातीच्या भिंतींच्या ऊबेवर माझा अजूनही विश्वास बसत नाही. आमचं आताचं घर सिमेंटचं आहे, थंडीत गार पडतं, मला चालतं. १२ अंश, आणि डोक्यावर हलकं छत.

ढाळज (रविवार, रात्री १०:०५)

तेरणाकाठ, आमचं घर अजून माळवदाचंच आहे. तुमचं वाचून वर तुळयांकडं बघितलं. उद्या माणूस बोलावून एकेक तुळई तपासून घेतो.

मांजराथडी (सोमवार, सकाळी ७:२०)

सकाळच्या राम राम. लातूरला आज गारठा छान आहे, वारा नाही.

सगळ्यांनी आकडे दिले, पण येळवशीचं कोणीच काढलं नाही? मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं, लातूर-धाराशिवला, अख्खं गाव रानात असतं. शहरात बाजारपेठ बंद, रस्त्यावर शुकशुकाट. कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडव मांडायचे, पूजा करायची, "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत रानातून चर शिंपायचा. मग जेवण. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबिल.

भज्जीचं सांगते, कारण ती थंडीशिवाय होतच नाही. हिरव्या तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, पावटा, मेथी, पालक, चुका, हरभऱ्याचा पाला, गाजर, वांगं, बोरं, चिंच, जे जे त्या आठवड्यात रानात असेल ते सगळं बेसनात घोटायचं. आदल्या रात्री आम्ही सात-आठ जणी निवडत बसतो, पहाटे दोनला चूल पेटते. आंबिल मडक्यात. ज्वारीच्या पिठाचं, ताकातलं, त्यात लसूण, आलं, जिरं. मडकं बाहेर गारठ्यात ठेवलं की दुपारी बाराला उन्हात बसून पितो तेव्हा कपाळ थंड होतं.

तर माझी आदर्श थंडी म्हणजे येळवशीचा दिवस. पहाटे ९, दुपारी १२ वाजता २६, झाडाखाली सतरंजी टाकली की सावलीत शाल आणि उन्हात शाल काढून ठेवावी अशी. ढग आले तर मूडच जातो.

केळीचं_रान (सोमवार, सकाळी ८:४५)

मांजराथडीकाकू, भज्जीला येणार.

मी अर्धापूरचा, नांदेड जिल्हा. सगळे थंडी मागताहेत आणि मी हात जोडून म्हणतो, १२ च्या खाली नको. केळीला कडाका सोसत नाही. पारा १० च्या आसपास राहिला की वाढ थांबते, पोग्यातून पान निघत नाही, निघालं तर पिवळट. घड पक्व व्हायला उशीर लागतो. त्या दिवसांत आम्ही रात्री विहिरीचं कोमट पाणी देतो, बांधावर ओला-सुका पाला जाळून धूर करतो. म्हणजे पाटपाणीभाऊंसारखी रात्र आमचीही. दोन वर्षांपूर्वी अशाच धुरात मी आणि माझा भाऊ, भांडण होऊन आठ महिने न बोललेले, एका आगटीला समोरासमोर बसलो. तीन वाजता त्यानं विचारलं, "तंबाखू हाय का?" तिथून बोलणं सुरू झालं. त्या एका रात्रीपुरता मी कडाक्याचा ऋणी आहे.

मोसंबीवाल्यांचं वेगळंच. त्यांना आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आत्ता झाडाला पाण्याचा ताण द्यायचा असतो, कोरडी थंडी त्यांना सोन्यासारखी. आभाळ येऊन पाऊस झाला की ताण तुटतो. आणि आमच्या मेव्हण्याकडं रेशीम आहे. त्याच्या अळ्यांना २२ ते २८ अंश लागतात. सध्या त्याच्या शेडमध्ये पडदे आणि शेगड्या, स्वतः मात्र अंगणात एका शालीवर झोपतो.

रात्रपाळी (सोमवार, सकाळी ९:३०)

शेगडी वाचलं आणि राहवलं नाही. मी नर्स आहे. खोलीची दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटती ठेवून कृपा करून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. अंग शेका, शेगडी बाहेर ठेवा, मगच झोपा. खिडकी थोडी उघडी हवीच.

आणि ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे अशा वडीलधाऱ्यांनी पहाटे पाचला फिरायला निघू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं. ऊन आल्यावर जा. ढाळजदादांचे वडील आठला उन्हात बसतात, तेच बरोबर.

माझा आकडा १६. धाप लागलेली माणसं रात्री वॉर्डात कमी येतात.

वसमतरोड (सोमवार, सकाळी १०:१५)

रात्रपाळीताई, केळीभाऊ, पाटपाणीभाऊ, तुम्हा सगळ्यांचं वाचून मी माझ्या ६ अंशांवर अडून बसणार नाही. ८ वर येतो. त्याच्यावर येत नाही, तो माझा जीव आहे.

खामनदी (सोमवार, दुपारी १२:४०)

काल पैठणला गेले होते. नाथसागराच्या काठावर पट्टकदंब हंस उतरलेत. डोक्यावर दोन काळे पट्टे, एका रेषेत पाण्याकडं तोंड करून उभे. हे पक्षी मध्य आशियातून, तिबेटच्या पठारावरून, हिमालय ओलांडून येतात. लेकीनं विचारलं, "आई, ते इकडं थंडी खायला येतात का?" मी म्हटलं, नाही गं, ते ऊब घ्यायला येतात. आपण शाल पांघरून उभे आणि त्यांच्यासाठी हे सगळं उबदार. परत येताना वाटभर मी तेच बोलत होते.

पाटपाणी (सोमवार, दुपारी ४:३०)

खामनदीताई, हे लेकराला सांगण्यासारखं आहे. आज सांगतो.

आभाळाचं एक राहिलं. कोणीतरी ढग चालतील असं म्हणेल, कारण रात्र उबदार जाते. पण दोन दिवस ढगाळ गेले की तिसऱ्या दिवशी तुरीच्या शेंगेत आणि हरभऱ्याच्या घाट्यात अळी. रानात पक्षीथांबे रोवलेत, कामगंध सापळे लावलेत, निंबोळी अर्क मारलाय. तरी ढगाळलं की रोज सकाळी घाटा उघडून बघतो. गोल भोक आणि आत हिरवी अळी, अर्धी आत, अर्धी बाहेर. तेव्हा मला स्वतःच्या पायाच्या बोटांपेक्षा ते भोक जास्त दुखतं. म्हणून दारं धरायला असलो तरी आभाळ मोकळंच मागतो.

चिवचिव (सोमवार, रात्री ८:१५)

आता धाग्याचा हिशेब असा: केळीला १२, गव्हाला ८, रेशमाला २२ ते २८, हंसाला काहीही चालतं, आणि आमच्या घरात अंघोळीला १४. वरुणराजाला पत्र लिहायचं तर कागद पुरायचा नाही.

मांजराथडी (सोमवार, रात्री ८:२२)

😄 सगळ्यांना वारा नको, यावर तरी एकमत आहे.

वसमतरोड (सोमवार, रात्री ८:२५)

मला थोडा चालतो.

ढाळज (मंगळवार, सकाळी ८:२०)

आज आमच्याकडं ९. वारा नाही, आभाळ स्वच्छ. काल संध्याकाळी रान कसणाऱ्याकडं जाऊन आलो. त्याची रात्रीची पाळी शुक्रवारपासून आहे. मी त्याला म्हटलं, तुझ्याबरोबर मी येतो, एकानं दारं धरायची, एकानं शेकोटी सांभाळायची, तासातासानं बदलायचं. तो आधी हसला, मग म्हणाला, "गमबूट घालून या." ते घ्यायला आज तालुक्याला चाललोय, दोन जोड. तुळया तपासायला उद्या माणूस येतोय.

माझा आकडा रात्री १० ते १२ होता. आता असा लिहितो: रात्री ८, पाणी दिवसा. पाणी रात्री असेल तर १५.

पाटपाणी (मंगळवार, सकाळी ८:५५)

ढाळजभाऊ, गमबूट घोट्याला घट्ट बसणारे घ्या, सैल असले तर गाळ आत शिरतो आणि पाय निघत नाही. आत सुती मोजे दोन घाला. बॅटरी कपाळाची घ्या, हातातली उपयोगाची नाही. आणि वाफ्याच्या कडंला उभं राहताना आधी फावडं आपटून बघा, ओल्या जागेला साप-विंचू येतात.

आमची दिवसाची पाळी उद्यापासून. सौर पंपाचा अर्जही भरलाय. आता माझा आकडा विचाराल तर ८, आणि सकाळी दहाला उन्हात पाटावर उभा.

कोयता_नव्हे_पेन (मंगळवार, सकाळी ९:१०)

आईला हा धागा वाचून दाखवला. पाटपाणीदादांच्या अंगठ्याला तिनं हळद-तेल सांगितलंय, आणि इंजेक्शन घेतलं हे चांगलं केलं म्हणाली. मोज्यांवर तिचं म्हणणं, सुतीच्या आत लोकरीचा एक असावा.

पाटपाणी (मंगळवार, सकाळी ९:१८)

आईंना नमस्कार सांगा. हळद लावली.

केळीचं_रान (मंगळवार, सकाळी १०:००)

हुरड्याचं बोला आता. यंदा कोणाकडं?

पाटपाणी (मंगळवार, सकाळी १०:२५)

माझ्याकडं बांधाच्या कडेला अर्धा एकर ज्वारी खास हुरड्याचीच पेरलीय, संक्रांतीच्या आधी निसवून भरते. कणीस आगटीत भाजून हातावर चोळून देणारे आमचे वडील आहेत, त्यांच्या हातचा दाणा फुटत नाही. गोवऱ्या आहेत, ताक आहे, बोरं आहेत. लसणाची चटणी सुईदोराताईंनी आणावी. येताना वाकळ आणा, कारण रात्री राहायचंय.

सुईदोरा (मंगळवार, सकाळी १०:३१)

लसूण आजच सोलायला घेते. तिळाची आणि कारळ्याची पण आणू का?

पाटपाणी (मंगळवार, सकाळी १०:३३)

दोन्ही.